चव घेणाऱ्या काकांचा पेला

मी एक जुना, जाड बुडाचा काचेचा पेला आहे. मित्रांनो, तुमच्या घरचे पेले सरबताने रंगतात. माझ्या नशिबी मात्र सदाच साधं पाणी आलं.

भट्टीतून निघालो तेव्हा माझं बूड अंमळ तिरकं राहिलं. जोडीच्या पेल्यांबरोबर मला कुणी ठेवेना. म्हणून मी सिगारच्या वखारीत, चव पारखायच्या खोलीत आलो. एक लांब टेबल, मोठी खिडकी, लाकडी खोक्यांची चळत आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत काका बसत.

क्युबाहून आलेला नवा माल आधी काकांच्या हाती जाई. कोवळा सिगार कच्च्या फळासारखा असतो. आज तो झोंबतो. पण उद्या त्यातून काय उतरेल, हे आजच ओळखायचं असतं. काका तो बोटांनी दाबत, टोक कापत, न पेटवताच एकदा ओढून बघत. मग पेटवत. थोडा ओढला की माझ्यातल्या पाण्याने चूळ भरत, आणि पुन्हा ओढत. "पेल्याला हात लावायचा नाही हं," असं ते सगळ्यांना बजावत. तेव्हा मी अगदी फुलून जाई.

त्यांची पुतणी त्यांच्याकडेच हे काम शिकली.

एके दिवशी मालकांनी विचारलं, "काय काका, हा नवा माल लगेच विकायला काढू?"

"काढा. छान मुरलाय. वास गोड आहे."

"तुम्ही म्हणाल ते. मला काय, धूर तेवढा दिसतो!" मालक खूश होऊन गेले.

पुतणी डोळे पुसत होती. खोलीत अमोनियाचा उग्र दर्प कोंडला होता. न मुरलेल्या सिगारला तो येतोच. "काका, तुम्हाला नाही झोंबलं?"

"तुझे डोळे कांदा नुसता बघूनही भरतात!"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यातल्या पाण्यात मूठभर मीठ ढवळलं. काकांनी घोट घेतला, तोंडात घोळवला.

"आज पाणी गार आहे गं."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला विसळायचंही तिला सुचलं नाही. दुपारच्या उन्हात माझ्या काठावर मिठाची पांढरी रेघ उमटली. काकांनी ती पाहिली. बोटाने पुसून जिभेवर ठेवली. पुन्हा ठेवली.

"मीठ ना हे?"

"हो, काका."

"किती घातलंस?"

"मूठभर."

"अगं, समुद्रच पाजलास की!" ते हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "आधी मला वाटायचं, हल्ली मालच मिळमिळीत येतोय. जेवणाचंही तसंच. तुझ्या काकूला उगाच बोललो गं मी."

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊ. मालकांना मात्र तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील, काका चेष्टा करतात."

डॉक्टरांनी जीभ बघितली, घसा बघितला. धुराने जे खाल्लं ते परत यायचं नाही, म्हणाले. आणि घशात गाठ आहे, तिच्यावर उपचाराला फार उशीर झालाय. काका पुन्हा खोलीत आले ते एकदाच, चष्मा न्यायला. जाताना पुतणीला म्हणाले, "त्या खुर्चीत बसू नकोस."

ती बसली. तिला दुसरं येतं काय? त्यांनीच तर हे शिकवलं होतं.

आता माझ्या काठाला तिचे ओठ लागतात. चांगले तरुण ओठ आहेत. ती सिगार पेटवते, डोळे मिटते आणि माझ्याकडे हात करते. मी पाणी देतो. याहून जास्त पेल्याला काय करता येणार?

पण मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घरात कुणी पुढ्यात येईल त्याला 'छान आहे' म्हणून नुसती मान डोलवत असेल, तर त्याच दिवशी विचारा. मला वर्षभर कळत होतं. घोट घेताना काकांचे ओठ कशालाच आक्रसत नव्हते.