पक्ष्यापुढची मोकळी जागा

दातांच्या डॉक्टरांना पाणपक्ष्यांच्या फोटोंचं वेड होतं, आणि त्या वेडात बायकोच्या वाट्याला एकच काम आलं होतं: टाळी वाजवणं. डॉक्टर तळ्याच्या कोरड्या काठावर कॅमेरा रोखून बसायचे. बाई पलीकडे, नाल्याच्या तोंडाशी, नाकाला रुमाल लावून उभी. डॉक्टरांनी टोपी उंचावली की तिनं टाळी वाजवायची, मग पक्षी घाबरून नेमके कॅमेऱ्याच्या दिशेनं उडायचे. उडत्या पक्ष्यापुढे मोकळी जागा सोडावी, म्हणजे तो कुठेतरी निघालाय असं वाटतं, हे ते जेवताना सुद्धा ऐकवायचे. निघालाय कसला डोंबलाचा! जीव मुठीत धरून पळतोय बिचारा. बाईला स्वतःच्या तळहातांचीच किळस यायला लागली होती.

त्या सकाळी गवतात पाणकोंबडी पिल्लांना पोटाखाली घेऊन बसली होती आणि वर घार घिरट्या घालत होती. आई उठली की पिल्लं उघडी पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. टोपी वर गेली. बाईनं हात काखेत घट्ट दाबून धरले. टोपी पुन्हा वर गेली, मग हातवारे झाले. बाई ढिम्म हलली नाही.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन खणाणला. डॉक्टरांनीच लावला होता, तिला झापायला.

पाणकोंबडी दचकून पंख फडफडवत पाण्यावरून धावत सुटली. बाई पिशवीत चाचपडतेय तोवर घार खाली आली, एक पिल्लू उचललं आणि आईच्या पुढून निघून गेली. पलीकडे कॅमेरा खटखटत राहिला.

घरी डॉक्टरांनी तिला कौतुकानं फोटो दाखवला. धावती पाणकोंबडी, तिच्यापुढे सोडलेल्या जागेत घार, घारीच्या पायात पिल्लू.

"जागा सोडली होती म्हणून घार मावली बघ," ते म्हणाले.

"अहो, शिसारी येते मला तुमची," तिनं तोंडावर सांगितलं. ते हसले आणि फोटो स्पर्धेला पाठवून मोकळे झाले.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. डॉक्टरांनी मंचावरून बायकोकडे बघत टोपी उंचावली. बाई पहिल्याच रांगेत हात काखेत दाबून बसली होती.

शेजारणीनं विचारलं, तुम्ही नाही का वाजवत?

"इतकी वर्षं मीच वाजवली," ती म्हणाली, "आता विटले." आणि उठून बाहेर गेली.