लाटसाहेबांची आवडती धून

लाटसाहेब गेले आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टर एका पेशंटच्या गालावर रडले.

लाटसाहेब म्हणजे डॉक्टरांचा कुत्रा. रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, आणि आपण सोफ्यावर पसरून घरच्या माणसांना खुर्च्या शोधायला लावायचा थाट, म्हणून हे नाव. डॉक्टर दातांचे. पेशंट म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. त्यांच्या दाढेचं रूट कॅनाल चाललं होतं, तोंड सताड उघडं होतं. डॉक्टरांच्या गॉगलच्या आत पाणी साचत गेलं. समोरची दाढ आधी धूसर झाली, मग एकीच्या दोन झाल्या, आणि आपण नक्की कुठल्या दाढेवर काम करतोय हे बघायला डॉक्टर खाली वाकले, तेवढ्यात गॉगलच्या कडेतून एक थेंब टपकन साहेबांच्या गालावर पडला.

साहेबांनी डोळे वर केले. तोंडात कापूस आणि नळी असताना माणूस जेवढं बोलू शकतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, दाढ इतकी वाईट आहे का. डॉक्टर म्हणाले, दाढ उत्तम आहे, गॉगल गळतोय. गॉगल गळतो हे साहेबांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं असणार, पण मशीन डॉक्टरांच्या हातात असल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही.

आता कुणी म्हणेल, रडायचं तर घरी रडावं, दवाखान्यात लोकांच्या तोंडात कशाला? डॉक्टरांनाही तेच वाटत होतं. पण घरी रडायची त्यांना चोरी होती, आणि ती त्यांची त्यांनीच ओढवून घेतलेली होती.

त्याचं असं झालं. डॉक्टरांची बायको व्हायोलिन शिकवते. शिष्य तिला बाई म्हणतात, म्हणून सगळी इमारत बाई म्हणते, आणि पुढेपुढे डॉक्टरही मनातल्या मनात बाईच म्हणायला लागले. लग्नाआधी डॉक्टर बाईंच्या एका कार्यक्रमाला गेले होते. पहिल्या रांगेत बसले, आणि दिवसभराच्या दमणुकीनं तिथेच गाढ झोपले. मिटलेले डोळे, किंचित डोलणारी मान. स्टेजवरून बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, इतकं तल्लीन होऊन ऐकणारा माणूस आपल्याला शोधूनही सापडायचा नाही. पुढे सगळं त्या झोपेवर जुळलं. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात खरं सांगता आलं असतं. पहिल्या वर्षातही चाललं असतं. त्यानंतर मात्र डॉक्टरांना दर रविवारी, डोळे मिटून, जागं राहून ऐकावं लागलं.

कारण डॉक्टरांना आवडायची ती ढिंच्याक गाणी. ज्यांत ढोल बडवतात, शिट्ट्या मारतात, आणि गाणारा दर दोन ओळींनी दम लागल्यासारखा ओरडतो. त्यातही एका गाण्यावर त्यांचा फारच जीव. ‘लिफ्टमध्ये अडकलं प्रेम माझं, दाब की गं बटण.’ गाण्याला अर्थ असा काही नव्हता. बटण कोणतं हे शेवटपर्यंत कळत नाही. पण ते सुरू झालं की डॉक्टरांच्या खांद्यांत काहीतरी उड्या मारायला लागायचं आणि दिवसभरात उपटलेल्या सगळ्या दाढा विसरायला व्हायच्या. आणि हा माणूस घरात गंभीर संगीताचा जाणकार म्हणून बसलेला! दवाखान्यातसुद्धा बाईंनी निवडून दिलेलं संथ वाद्यसंगीत लागायचं, इतकं संथ की पेशंटला भूल देण्याआधी डॉक्टरांनाच पेंग यायची.

या माणसाच्या आयुष्यात लाटसाहेब आले ते मुलीच्या हट्टामुळे. मुलगी शाळेत होती, तिनं पिल्लू आणलं आणि रीतीप्रमाणे आठवड्याभरात फिरवायची जबाबदारी बापाच्या गळ्यात टाकली. डॉक्टरांनी वरवर कुरकुर केली. पण पहिल्याच संध्याकाळी पिल्लाला गाडीत घालून मोठ्या मैदानाकडे निघाले, रेडिओ लावला, आणि ते बटणाचं गाणं लागलं. पिल्लू शेजारच्या सीटवर उभं राहिलं आणि शेपूट दारावर आपटायला लागलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. दोघांचं तिथल्या तिथे ठरलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फिरणं नावापुरतं. मैदानाच्या कडेला गाडी लावायची, लाटसाहेबांनी एका ठरावीक खांबाची विचारपूस करायची, की लगेच परत गाडीत. काचा वर, आवाज पूर्ण. तासभर झाला की दोघं ताजेतवाने होऊन घरी. बाई कौतुकानं म्हणायच्या, किती चालवतोस रे त्याला. डॉक्टर नम्रपणे मान खाली घालायचे.

आणि बाईंची समजूत अशी झाली की लाटसाहेब त्यांच्या वादनाचे भक्त आहेत. संध्याकाळचा रियाज बाई नेहमी एका संथ, उदास धुनेनं संपवायच्या. ती धून सुरू झाली की कुठेही झोपलेले लाटसाहेब ताडकन उठायचे, कान टवकारायचे आणि दाराशी येऊन उभे राहायचे. बाई प्रत्येक शिष्याला हे सांगायच्या: इतर काही वाजवलं तर हलत नाही, पण या धुनेला उठलाच पाहिजे, बघा, जनावराला कळतं. डॉक्टरांना खरं माहीत होतं. धून लागली म्हणजे रियाज संपत आला, रियाज संपला म्हणजे गाडी. त्याच वेळी वर्तमानपत्राआड डॉक्टरांचे पायही बूट चाचपडत असायचे. पण बाईंचा चेहरा एवढा खुलायचा, की डॉक्टर म्हणायचे, खरंच, काय कान आहे त्याचा.

तर असे लाटसाहेब म्हातारे झाले, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि एका सकाळी जनावरांच्या डॉक्टरांच्या टेबलावर, डोकं डॉक्टरांच्या तळहातावर ठेवून, गेले. डॉक्टरांनी त्यांचा पट्टा घडी करून खिशात घातला आणि सरळ दवाखान्यात जाऊन दोन दाढा काढल्या. लोक म्हणाले, किती खंबीर. डॉक्टरांनाही थोडा वेळ तसंच वाटलं.

मग बाई विचारायला लागल्या. जेवताना, चहा घेताना. त्याची तुला कुठली आठवण सारखी येते? डॉक्टरांना एकच आठवण येत होती: शेजारची सीट, ढोल आणि उघडं लाळगळकं तोंड. ती सांगायची तर पहिल्या रांगेतल्या झोपेपासून सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून ते म्हणायचे, त्याचे डोळे फार बोलके होते. बाईंना तसंच वाटायचं, पण लाटसाहेबांचे डोळे खरं म्हणजे फक्त बिस्किटाविषयी बोलायचे. आपण मेलेल्या मित्राबद्दल खोटं बोलतोय याची डॉक्टरांना लाज वाटायची, आणि लाज वाटली की रडू जिथल्या तिथे अडकून बसायचं.

गाडीत एकटं बसून रडावं, तर बाहेर पडायला निमित्त उरलं नव्हतं. एकदा ते म्हणाले, जरा मैदानावर फिरून येतो. बाई काळजीनं म्हणाल्या, मीपण येते. मग खरोखर फिरावं लागलं. इतक्या वर्षांत डॉक्टरांना पहिल्यांदाच कळलं की त्या मैदानाला पलीकडची बाजूसुद्धा आहे. पोटऱ्या दोन दिवस दुखल्या. बाई म्हणाल्या, सवय आहे ना रे तुला, मग? डॉक्टर म्हणाले, दुःखानं होतं असं.

शेवटी एका दुपारी दवाखान्यामागे गाडीत बसून त्यांनी ते गाणं लावलं. पहिला ढोल वाजला मात्र, शेजारची सीट इतकी रिकामी झाली की त्यांनी घाईघाईनं बंद करून टाकलं. म्हणजे ज्या गाण्यांच्या जोरावर माणूस आयुष्यभर तरला, तीही गेली. पन्नाशी उलटलेला, चांगली प्रॅक्टिस असलेला गृहस्थ, दुपारी गाडीत बसून लिफ्टच्या गाण्याला घाबरतो. डॉक्टरांना स्वतःचंच हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

मुलगी सुट्टीला घरी आली तेव्हा बाईंनी ठरवलं, लाटसाहेबांसाठी एक संध्याकाळ वाजवायचं. घरचेच लोक, वरच्या मजल्यावरच्या मावशी, आणि दाढेवाले साहेब, कारण गॉगल का गळला हे कळल्यावर ते मुद्दाम भेटून गेले होते. आदल्या दिवशी बाई डॉक्टरांजवळ येऊन बसल्या.

“शेवटी ती धून वाजवते. त्याला तीच आवडायची ना?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. आत्ता सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

“सगळ्या जगात माझं एवढं मन लावून ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे, तू सोडून.”

“तीच,” डॉक्टर म्हणाले. “तीच आवडायची.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई कार्यक्रमाचे काळे कपडे घालून उभ्या राहिल्या. मावशी सुरुवातीपासून नाक ओढत होत्या. साहेब ताठ बसले होते. डॉक्टर कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीत डोळे मिटून होते. एक झालं, दुसरं झालं, आणि मग ती धून सुरू झाली.

डॉक्टरांना आपण उठलो हे कळलंच नाही. त्यांना एवढंच जाणवलं की अंगातून काहीतरी छान, हलकं असं सरसर वर आलं. पाय बुटांत गेले. हातानं खुंटीवरची किल्ली काढली. दार उघडून ते नेहमीसारखं म्हणाले, “चल रे.”

मागून कुणी आलं नाही. फरशीवर नखांचा आवाज झाला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की व्हायोलिनही थांबलंय.

ते तसेच दाराकडे तोंड करून उभे राहिले. वळायची हिंमत होईना. मागे मुलीनं तोंडावर हात ठेवला होता, मावशी नाक ओढायच्या थांबल्या होत्या, आणि साहेब रिकाम्या कपातून चहा पीत होते.

बाईंनी त्या पाठीकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, घाईत उलटसुलट घातलेल्या बुटांकडे पाहिलं.

“तो दाराशी का यायचा ते आज कळलं मला,” त्या म्हणाल्या. व्हायोलिन पेटीत ठेवलं. “चल. कुठे न्यायचास त्याला, मलाही दाखव.”

पाहुणे मुलीवर सोपवून दोघं मैदानाच्या कडेला आले. शेजारच्या सीटवरचे सगळे तपकिरी केस बाईंच्या काळ्या कपड्यांना चिकटले. डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली ती उलटीकडून: आधी गाणी, मग खांब, मग रविवार, आणि सगळ्यात शेवटी पहिली रांग. मध्ये कुठे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

बाईंनी मांडीवरचा एक तपकिरी केस उचलून बोटाला गुंडाळला.

“म्हणजे माझं वाजवणं कधी संपतंय याची वाट बघायचा तो.”

“हो.”

“आणि तू?”

“मीही.”

“मला वाटायचं, ती धून लागली की तुम्हा दोघांचे चेहरे उजळतात.”

“उजळायचेच गं,” डॉक्टर म्हणाले. “दिवसभरात तेवढेच उजळायचे.”

बाई हसल्या. हसण्यात राग होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. याचा हिशेब पुढे बरेच रविवार चालणार, हे डॉक्टरांना दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, “लाव ते.”

डॉक्टरांनी लावलं. ढोल सुरू झाले. शिट्ट्या झाल्या. बाईंचा चेहरा दाढ काढायला बसलेल्या माणसासारखा झाला, पण त्यांनी कानांवर हात नेले नाहीत. डॉक्टर आधी पुटपुटत, मग मोठ्यानं गायला लागले. ‘लिफ्टमध्ये अडकलं प्रेम माझं, दाब की गं बटण.’ आणि तिथे ते गप्प झाले. गाण्यातही तिथे दोन ठोके सगळं थांबतं.

“काय झालं?”

“इथे तो ओरडायचा,” डॉक्टर म्हणाले. “मान वर करून. कधी चुकला नाही. इथवर मी, मग तो, मग परत मी.”

दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा डॉक्टरांनी जिवाच्या आकांतानं ती रिकामी जागा स्वतःच भरायचा प्रयत्न केला. मान वर केली, तोंड उघडलं, आणि आवाज निम्म्यात फाटला. बाईंनी हात वर केला. चुकीच्या ठिकाणी वाजवणाऱ्या शिष्याला थांबवतात तसा.

“तिथे आपण नाही गायचं,” त्या म्हणाल्या. “ते त्याचं आहे.”

डॉक्टर रडायला लागले. गॉगल नव्हता, मास्क नव्हता, समोर उघडं तोंड नव्हतं. ते आडवेतिडवे, नाक गळेपर्यंत, दाढदुखी घेऊन आलेल्या लहान पोरासारखे रडले, आणि रडताना मध्येच गातही राहिले. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा बाईही त्यांच्याबरोबर गायला लागल्या, नको इतक्या सुरात. बटणापाशी दोघंही थांबले. दोन ठोके गाडीत कुणीच काही बोललं नाही. मग दोघांनी पुढची ओळ एकदमच उचलली.