जाड सायलेन्सर

त्या घरात दोन माणसं कधीच चुकत नसत: एक सासरे, दुसरी थोरली सून. बाकीचे उरलेल्या चुका आपसांत वाटून घेत.

सासरे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना अजून बॉयलरसाहेबच म्हणे. उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरसमोर गेल्यामुळे जगात सगळं प्रेशरवर चालतं, अशी त्यांची खात्री होती. वाफ, मुलं आणि सुनासुद्धा. थोरली दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला टेकडीपलीकडे जाई, सासऱ्यांच्या नावावरच्या जुन्या गाडीनं. सायलेन्सरचा पाईप गंजून गळला, तेव्हा तिनं नवा चांगला जाड बसवून आणला. का? तर आवाज आवडला म्हणून. इतकं खरं कारण त्या घरात आजवर कुणी दिलं नव्हतं.

"धूर असा मोकळा सोडलास, तर इंजिनाला रेटा कशाचा?" बॉयलरसाहेब गरजले. "व्हॉल्व्ह जळतील!"

"बाबा, हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं तर जळतात. ते गॅरेजमध्ये तपासून घेतलंय."

"आणि इंजिन बिघडलंच तर?"

"तर किल्ली तुमच्या हातात. मी बसनं जाईन."

धाकटी जाऊ हसली. "दोन बस बदलाव्या लागतील हं, ताई. लवकर उठायची सवय करा आत्तापासून."

नवऱ्यानं दोन्हीकडे मान डोलावली. ती मान कुणाच्याच खात्यावर जमा होत नसे.

महिनाभर गाडी गल्ली दणाणून सोडत गेली. मग अचानक मरगळली. टेकडीवर अशी धापा टाकू लागली, की एक सायकलवाला मागून येऊन पुढं गेला आणि वळून हसलाही. तापमानाचा काटा लालकडे चढला. घरी हे तिनंच सांगितलं. लपवणं तिला जमत नसे. सासरे 'मी म्हणालो होतो' असं एकदाही म्हणाले नाहीत. फक्त भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

"उद्या किल्ली," एवढंच बोलले.

सकाळी तिनं गाडी सुरू ठेवून पाईपामागे तळहात धरला. एवढा जाड पाईप, पण झोत मेणबत्ती विझवण्यापुरता. निवल्यावर आत बोटं घातली, तर बोटं अडली. खालून एक स्क्रू होता. तो काढल्यावर हातात आली बूटपॉलिशची डबी: तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं, काजळीनं बुजलेली. त्या घरात रोज बूट चमकवणारा माणूस एकच होता.

तशाच काळ्या हातांनी ती वर गेली. सगळे चहाला बसले होते.

"बाबा, ही तुमची?"

"माझीच." ते ताठ झाले. "इंजिन वाचवायला बसवली."

"नाक दाबून?"

"प्रेशर लागतंच!"

"बॉयलरला. गाडीला धूर बाहेर टाकायचा असतो. मोठ्या पाईपानं तिला काही झालं नाही, तुमच्या डबीनं मात्र जीव घ्यायचा बाकी ठेवला होता."

जावेला ठसका लागला. म्हातारा हटेना.

"आणि डबीच्या आधीही चढावर तू खालचा गिअर टाकायचीस, ते? मी शेजारी बसलो होतो. बहिरा नाही झालो अजून."

नेम बरोबर बसला होता. नवरा खिडकीबाहेर पाहू लागला.

"टाकत होते," ती म्हणाली. "पाईप फार मोठा झाला की कमी वेगात ओढ थोडी कमी होते. म्हणजे इंजिन बिघडलं असं नाही. तुमचा मुलगाही हल्ली जिन्यात मध्येच थांबतो, म्हणून काय त्याला भंगारात काढलाय?"

"ते मला सांगू नकोस. गाडीवर नाव माझं आहे." त्यांनी हात पुढं केला. "किल्ली."

वाद जिंकायचा आणि वस्तू देऊन टाकायची, ही त्या घरातल्या सुनांची जुनी रीत. जाऊ आता हसत नव्हती.

थोरलीनं त्या तळहातावर डबी ठेवली.

"बिघडलं तर किल्ली, असं ठरलं होतं. बिघडलेलं नाही. तुमची वस्तू तेवढी घ्या."

"आणि मी गाडीच विकली तर?"

"विका. पाईप माझा आहे, तो काढून ठेवीन. पुढच्या गाडीला लावीन."

ती जिना उतरली. खाली गाडी सुरू झाली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"आवाज जरा..." नवरा म्हणाला.

"ताई, थांबा!" जाऊ खिडकीतून ओरडली. "मलाही सोडा पुढं!" आणि कुणाला न विचारता, कप तसाच टाकून, ती चपला घालू लागली.