तांबड्या पाण्यातले जंतू

सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात मिरचीपेक्षा वनौषधी महाराजांपुढे जास्त गर्दी होती. धुरपताही कोपराने वाट काढत पुढे सरकली. तिच्या नवऱ्याला, वारलूला, बांबूचा खुंट लागून पायाला जखम झाली होती. दवाखान्याच्या गोळ्यांनी त्याला मळमळायचं, त्या सोडायला तो निमित्तच शोधत होता.

महाराजांनी ग्लासभर पाण्यात बाटलीतले थेंब टाकले. पाणी तांबडं झालं.

"हे जखमेतले जंतू, गोळ्या खाऊन माजलेले," महाराज म्हणाले. "आता माझा अर्क. याचा वास आला की जंतू गाव सोडतात."

अर्क पडला, पाणी नितळ झालं. लोक पुढे रेटले. महाराजांनी डोळे मिटून घेतले, तरी बाटल्या विकणारा हात चुकला नाही.

धुरपताने एक बाटली घरी नेली आणि वारलूने गोळ्या सोडल्या. थोड्याच दिवसांत लाली पोटरीपर्यंत चढली, तो तापाने फणफणला. धुरपताने त्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टर रीता मडावींनी जखम साफ करून सलाईन लावली.

"पण मॅडम, बाजारात महाराजांच्या अर्कानं ग्लासातले जंतू मरताना मी डोळ्यानं पाह्यले," धुरपता पुटपुटली. "तांबडे होते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधल्या बाटलीतले थेंब पाण्यात टाकले. "असे?"

"हेच."

"हे आयोडीन. जंतू मारायला मी रोज वापरते." त्यांनी जेवणाच्या डब्यातलं लिंबू त्यात पिळलं. पाणी नितळ. "लिंबात, आवळ्यात सी जीवनसत्त्व असतं. ते आयोडीनचा रंग घालवतं. त्या अर्कातही तेच असणार."

धुरपताने ग्लास उचलून उजेडात धरला. "म्हंजे त्यानं औषधालेच जंतू म्हटलं?"

"आणि औषधच मारून दाखवलं."

"मंग झाडपाला खोटा काय?"

"नाही हो. कितीतरी औषधं झाडांतूनच आली. पण कोणता रस, किती, कोणाला चालतो हे तपासावं लागतं. ग्लासातला रंग उडाला म्हणून पाय बरा होत नाही."

वारलूचा पाय वाचला. पुढच्या बाजारात धुरपता लिंबू घेऊनच गेली. महाराजांचे जंतू ग्लासात उतरताच तिने ते पिळलं. जंतू मेले.

महाराज सावरले. "माझी शक्ती लिंबात उतरली, बाई."

"मंग आमी भाजीवालीकडूनच घेतो ना शक्ती," धुरपता म्हणाली. लोक हसले. ती मात्र हसली नाही. "माह्या माणसाचा पाय कापाची पाळी आली होती. झाडपाल्याशी माहं भांडण नाई. पण गोळ्या सोडाच्या आधी डॉक्टरले विचारा. अन् कोणी चमत्कार दाखवला, तं काऊन झाला हे विचारल्याबिगर घरी जाऊ नका."