मिठागरवाल्यांची चिमूट

धनेशची दोन स्थळं चष्म्यापायी गेलेली, म्हणून आज डोंबिवलीला मुलगी बघायला तो लेन्स लावून जाणार होता. त्याने लेन्स धुवायच्या औषधाची नवी बाटली उघडली, तर बाबांनी त्यातला थेंब चाखला. कोलशेतचं जुनं मिठागरवालं घराणं. “मीठ कमी आहे,” म्हणत त्यांनी बाटलीत चिमूटभर टाकलंसुद्धा.

“बाबा, हे डोळ्यात जातं. घरच्या मिठाने जंतू होतात.”

“आपल्या मिठाला जंतू? चार पिढ्यांत एक तक्रार नाही.”

धनेशने बाटली मोरीत ओतली आणि जाड चष्मा चढवला.

डोंबिवलीत निशाने पोहे आणले. पहिल्याच घासाला बाबांचा हात खिशातल्या पुडीकडे गेला. चष्म्यातून ते फारच स्वच्छ दिसलं.

“काका, मलापण द्या,” निशा म्हणाली. “आई मीठ कमीच घालते.”