मिठूसाठी अळणी गोळे

"काका, पक्ष्यांचा खाऊ तुम्ही स्वतः खाऊन बघता का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी दुकानदारकाकांना विचारलं खरं, पण माझा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी त्याचे खारे वेफर्स बंद करायला लावल्यापासून आमच्या मिठू पोपटाने खायला चोचच उघडली नव्हती. मी केलेले बाजरी-गाजराचे गोळे तसेच पडून होते.

"खातो की, त्यांच्यासमोरच! पोपट आपलं बघूनच खायला मागतो, पोरी."

मी धावत घरी आले. मिठू पिसं फुगवून कोपऱ्यात बसला होता. त्याच्यापुढे मी अळणी गोळा मटामटा खाल्ला. त्याने मान वळवून आईबाबांच्या हातातल्या वेफर्सकडे पाहिलं.

मला रडूच कोसळलं. "फेका ते! मिठू खाईपर्यंत आपण तिघंही हेच गोळे खाणार!"