दस्तीखालचा भाव

विद्यापीठानं यंदा बीबीएचे नवे अभ्यासक्रम काढले आणि त्याचा ताप भोगायची पाळी आली केदारखेड्याच्या रायभानवर. त्याची लेक छकुली जालन्याच्या कॉलेजात पहिल्याच तुकडीत शिकत होती. तोवर ठीक होतं. पण आता महिनाभर एखाद्या धंद्यात राहून काम शिकायचं होतं, आणि पोरीनं धंदा निवडला तो बापाचाच, शेळ्याबोकडांच्या दलालीचा.

"तुझ्या मैत्रिणींनी मामाच्या दुकानाचा शिक्का मारून आणला ना? मंग तुलाच काय धाड भरली?"

"मला खरं शिकायचंय, आबा."

पंधरा दिवस तिनं त्याचं डोकं खाल्लं. तुमचा ग्राहक कोण? बोकड घेणारा. तुमची बलस्थानं कोणती? गुडघे सोडून सगळी. इथवर त्यानं कसंबसं निभावलं. मग तिनं शेवटचा कागद काढला. विद्यार्थ्यानं एक सौदा स्वतः करायचा, भावाची बोलणी ऐकू येतील असा व्हिडिओ काढायचा, नाहीतर नापास.

रायभानचं टाळकंच सरकलं. जनावरांच्या बाजारात भाव कुणी बोलत नाही. दोघं दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात आणि आकडा त्या दोघांतच राहतो. ज्यानं हा कागद छापला, त्यानं जन्मात एक शेळी तरी विकली होती का?

पण या रागाच्या मुळाशी भीती होती, आणि ती त्याची त्याला ठाऊक होती. परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा म्हणून आसपासच्या बायका आपली जनावरं रायभानकडून विकून घेत. पिंपळगाव रेणुकाईची प्रभावती तर एकटी बाई, सात वर्षं त्याच्याच भरवशावर. दस्तीखाली ठरायचं एक, तो सांगायचा दुसरं. मधले हजार-पाचशे त्याच्या खिशात, दलाली वेगळीच. बाजारात सगळेच करतात, असं तो मनाला समजवायचा.

बाजाराच्या दिवशी छकुलीनं घरचा बोकड पुढं आणला आणि मोबाइल टेम्पोच्या फळीवर उभा केला. बद्रीनाथ व्यापाऱ्यानं दस्तीखाली हात घातला, समोर पोरगी पाहून मागं घेतला.

"रायभान, तू ये बाबा. पोरीचा हात मी कसा धरू?"

"मंग तोंडानं बोला ना काका," छकुली म्हणाली.

रायभान दातओठ खात जवळ आला. "बाजार उठवतीस काय माझा?"

"नापास होऊ का मंग?"

रायभान बाजूला सरला. लेक बीबीए करून राह्यली म्हणून गावभर सांगत तोच फिरला होता.

बद्रीनाथला बोकड हवाच होता. चरफडत त्यानं तोंड उघडलं. नऊ हजार. छकुली बारा म्हणाली. बघता बघता माणसं जमली, आणि घासाघीस होऊन साडेदहाला सौदा जमला. सगळ्या बाजारानं ऐकला.

गर्दीत प्रभावती होती. तिचा आज विकायचा बोकड सकाळपासून रायभानच्या हाती होता. ती विकलेल्या बोकडाकडं बराच वेळ बघत राहिली.

"बद्रीनाथभाऊ, मागच्या बाजारी माझा बोकड तुम्हीच घेतल्ता. एवढाच होता ना?"

"ह्याच्याहून भारी होता," बद्रीनाथ वैतागून म्हणाला.

"मंग मला नऊच कसे आले?" तिनं रायभानला विचारलं.

"भाव रोज बदलतो, वहिनी."

ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं त्याच्या हातातला दोर काढून घेतला आणि छकुलीपुढं धरला.

"हा तू विक, बाई. तोंडानं."

रायभानला लेकीकडं बघवेना. मोबाइल अजून चालूच होता. छकुलीनं आधी तो बंद केला, आणि मग बापाकडं न बघता दोर हातात घेतला.